झिरो परत मिळवून देणारी पेनाएवढी वस्तू: कूकाचा ईएमडी

रोबोटचा झिरो, म्हणजे प्रत्येक अॅक्सिसची (सांध्याची) कोन मोजायची मूळ संदर्भ-जागा, हलला की अलार्म येतोच असं नाही. वेल्डचा स्पॉट नेहमीच्या जागेपासून तीन-चार मिलिमीटर बाजूला पडायला लागतो, ग्रिपर लोकेटिंग पिनवर घासत बसतो, आणि शिफ्टमधलं कोणीतरी पेंडंट (रोबोट हाताने चालवायचा कंट्रोल) हातात घेऊन पॉइंट टच-अप करायला, म्हणजे शिकवलेल्या जागा एकेक करून पुन्हा बसवायला लागतं. हिशेब अगदी साधा आहे. दोन मीटर लांब पसरलेल्या हाताच्या पहिल्या अॅक्सिसमध्ये 0.1 अंशाचा फरक पडला, तर टोकाशी साडेतीन मिलिमीटर जातात. मी मेंटेनन्समध्ये आहे, स्पॉट वेल्डिंगचे आणि हँडलिंगचे रोबोट सांभाळते, आणि हा लेख कूका या रोबोट बनवणाऱ्या कंपनीच्या ईएमडीबद्दल आहे. ईएमडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक मास्टरिंग डिव्हाइस, आणि मास्टरिंग म्हणजे प्रत्येक अॅक्सिसचा झिरो कंट्रोलरला ठरवून देणं.

आधी टच-अपबद्दल बोलते, कारण या उपकरणाची खरी किंमत तिथेच कळते. मास्टरिंग चुकलेला रोबोटसुद्धा दर सायकलला त्याच जागी जातो. रिपीटेबिलिटीला धक्का लागत नाही, चुकते ती अॅक्युरसी, म्हणजे सांगितलेल्या जागी नेमकं जाणं. म्हणून टच-अप केलं की लाइन चालू होते आणि सगळ्यांना वाटतं काम झालं. पण त्या रोबोटला आता स्वतःचा हात नेमका कुठे आहे हे ठाऊक नसतं. लिनिअर मूव्ह सरळ रेषेत जात नाही. टूल टीसीपीभोवती (टूलच्या कामाच्या टोकाभोवती) फिरवलं की टोक एका जागी राहण्याऐवजी भटकतं. बेस (पॉइंट ज्यावरून मोजले जातात ती चौकट) सरकवून सगळा प्रोग्रॅम एकदम हलवायला जावं तर प्रत्येक पॉइंट वेगवेगळा चुकतो. आणि पुढे कधी कोणी मास्टरिंग नीट केलंच, तर टच-अप केलेले सगळे पॉइंट पुन्हा चुकतात. ही मलमपट्टी मला मनापासून नकोशी वाटते.

ईएमडी हा प्रोब आहे, जाड पेनासारखा दिसणारा. प्रत्येक अॅक्सिसवर एक गेज कार्ट्रिज असतं. त्यातली पिन खालच्या भागातल्या व्ही आकाराच्या खाचेवरून सरकते आणि खाचेचा तळ हाच त्या अॅक्सिसचा मास्टरिंग पॉइंट. आधी जॉग करून (पेंडंटवरून हाताने हलवून) अॅक्सिसवरच्या दोन खुणा समोरासमोर आणायच्या, म्हणजे प्री-मास्टरिंग. मग कार्ट्रिजची टोपी काढायची. ईएमडी उलटा धरला की त्याच्याच दुसऱ्या टोकाने ही टोपी उघडता येते. पॅनेलपासून दूर, रोबोटच्या खांद्यावर वाकून काम करताना दुसरा पाना शोधावा लागत नाही. ज्याने हे डिझाइन केलं त्याने स्वतः रोबोटवर चढून काम केलेलं असणार, असं मला दर वेळी वाटतं.

पुढचा क्रम मात्र डोळ्यांत तेल घालून पाळायचा. प्रोब आधी केबलशिवाय कार्ट्रिजवर आवळायचा आणि मगच केबल जोडायची. काढताना आधी केबल, मग प्रोब. केबल जोडलेली ठेवून प्रोब फिरवला की केबलला पीळ बसतो आणि ती आतून तुटते. केबलचं दुसरं टोक सेटमधल्या बॉक्समार्फत रोबोटच्या पायथ्याच्या एक्स-32 कनेक्टरला जातं. टी-1 मोडमध्ये (कमी वेगाच्या मॅन्युअल मोडमध्ये) एनेबलिंग स्विच आणि स्टार्ट दाबून धरलं की अॅक्सिस प्लसकडून मायनसकडे हळूहळू सरकतो, प्रोबला खाचेचा तळ सापडतो आणि रोबोट आपोआप थांबतो. दिशा कायम तीच, म्हणजे गिअरमधला प्ले दर वेळी एकाच बाजूला राहतो. अॅक्सिस घ्यायचे तेही खालून वर, पहिल्यापासून क्रमाने.

डायल गेजने हेच काम मी केलेलं आहे. काटा उतरत उतरत सगळ्यात खाली येतो, क्षणभर थबकतो आणि पुन्हा चढायला लागतो. तो थबकण्याचा क्षण डोळ्याने पकडायचा, मागे जायचं, पुन्हा त्याच दिशेने यायचं. दोन माणसांनी केलं तर दोन वेगळे झिरो मिळू शकतात. ईएमडीत माणसाच्या नजरेचा भाग उरत नाही, आणि केवळ तेवढ्यासाठीही मी तो घ्यायला सांगेन.

पण त्याचा खरा गुण लोड करेक्शनमध्ये आहे, आणि नेमकं तेच बरेच लोक वापरत नाहीत. रोबोट नवा असताना, टूल न लावता फर्स्ट मास्टरिंग करायचं. मग टूल लावून त्याच टूल नंबरने टीच ऑफसेट करायचं. वजनामुळे प्रत्येक अॅक्सिस किती वाकतो ते कंट्रोलर मोजून ठेवतो. पुढे धडक झाली किंवा मोटर बदलली, तर जड वेल्डिंग गन न उतरवता मास्टर लोड विथ ऑफसेट चालवायचं, आणि मूळचा, टूल नसतानाचा झिरो परत मिळतो. एकही पॉइंट टच-अप करावा लागत नाही. गन उतरवायची म्हणजे पाणी, केबल, होज सगळं सोडायचं आणि परत जोडायचं. ते ज्यांनी केलंय त्यांना या एका सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

अट एकच, ऑफसेट आधी शिकवलेला असला पाहिजे. आमच्याकडे एका सेलमध्ये इंटिग्रेटरने (सेल उभारून देणाऱ्या कंपनीने) फर्स्ट मास्टरिंग करून दिलं होतं, टीच ऑफसेट कोणत्याच टूलला केलेलं नव्हतं. हँडओव्हरच्या कागदांत त्याचा उल्लेखही नव्हता. धडकेनंतर मेनूत विथ ऑफसेट निवडलं, पण वापरायला काही नव्हतंच. ग्रिपर उतरवावा लागला आणि ती शिफ्ट त्यातच गेली. तेव्हापासून कुठलाही नवा रोबोट ताब्यात घेताना मी मास्टरी डॉट लॉग ही फाइल उघडून बघते. कंट्रोलरच्या डिस्कवर केआरसी, रोबोटर, लॉग या फोल्डरमध्ये ती असते. अॅक्सिस, टूल नंबर, अंशातला ऑफसेट, तारीख-वेळ, रोबोटचा सीरियल नंबर सगळं त्यात असतं. आपल्या टूलची ओळ दिसली नाही तर सही करू नका. ओळ असेल तर फाइलची कॉपी कंट्रोलरबाहेरही ठेवा.

मर्यादाही सांगते. हे उपकरण फक्त कूकाच्या रोबोटसाठी आहे. बॅटरीवर एन्कोडरची (कोन मोजणाऱ्या सेन्सरची) मोजणी जपणारे दुसऱ्या बनावटीचे रोबोट असतील तर तिथे याचा काही उपयोग नाही, त्यांची रीत वेगळी. लहान कूका रोबोटची कार्ट्रिज छोटी असतात, त्यांना छोट्या प्रोबचा सेट लागतो. काही लहान मॉडेलमध्ये सहाव्या अॅक्सिसला कार्ट्रिजच नसतं, तिथे बारीक रेषा जुळवूनच झिरो ठरतो आणि नजरेवर भिस्त ठेवावी लागते. तेव्हा मी रेषेच्या अगदी समोर, काटकोनात उभी राहते. तिरकं पाहिलं की रेष जुळल्यासारखी वाटते आणि जुळलेली नसते.

तापमानाचं भान ठेवा. थंड रोबोटवर घेतलेलं मास्टरिंग आणि तासन् तास चाललेल्या गरम गिअरवर घेतलेलं मास्टरिंग तंतोतंत सारखं येत नाही. पहिल्या वेळी जी अवस्था होती तीच पुढेही ठेवायची. मी सुट्टीनंतर, लाइन सुरू होण्याआधी करते.

आणि काम झाल्यावर कार्ट्रिजच्या टोप्या आणि एक्स-32 चं झाकण लगेच बसवा. वेल्डिंगच्या ठिणग्या आणि ग्राइंडिंगची धूळ आत गेली की पिन अडखळते, खाचेचा तळ चुकीचा वाचला जातो, आणि इतका चांगला प्रोबही मग खोटा झिरो देतो. आमच्या सेटच्या डब्यात मी जादा टोप्या ठेवल्या आहेत. त्या हरवतातच, आणि ऐन वेळी कुठे मिळत नाहीत.