स्पिटफायर घरीच रंगवायची तर: बडोद्याच्या हवेत कुठलं सामान कामाला येतं

ट्रायम्फ स्पिटफायर ही जुनी ब्रिटिश, उघड्या टपाची स्पोर्ट्सकार घरच्या शेडमध्ये उघडून पत्रा आणि रंग दोन्ही स्वतः करणाऱ्यांसाठी हा सामानाचा लेखाजोखा. आपल्याकडे मद्रासला बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डचे मालक जास्त. त्यांनाही यातलं बहुतेक लागू पडेल, कारण १९६२ ची स्पिटफायर हेराल्डच्याच चॅसिसवरून बेतली होती आणि दोन्हींचं रूप जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी रेखाटलं. निकाल आधीच सांगून टाकतो: पैसे दाबाच्या हवेवर (कंप्रेसर, पाइप) आणि अस्तरावर (प्रायमर) खर्च करा. गन मध्यम चालते, वरचा रंगही मध्यम किमतीचा चालतो. लोक नेमकं उलटं करतात. गन महागडी, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) परदेशी, आणि मागे धापा टाकणारा दोन एचपीचा कंप्रेसर!

पण रंगाच्या आधी पत्रा. हेराल्डच्या चॅसिसला दोन्ही कडांना बाहेरच्या पट्ट्या आहेत. स्पिटफायरमध्ये त्या काढल्या आणि तो भार दाराखालच्या सिलवर टाकला. आतला, मधला आणि बाहेरचा अशा तीन पत्र्यांची ती पेटी असते, आणि उघड्या गाडीची सगळी ताकद तिच्यात. गंजलेली सिल आधार न देता कापली, तर गाडी मधून काही मिलिमीटर बसते आणि नंतर दार कशानेही लागत नाही. म्हणून दाराच्या चौकटीत बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत २५ मि.मी.चा चौकोनी पाइप वेल्ड करून घ्या, गाडीचं वजन चाकांच्या जागीच टेकवा आणि एका वेळी एकच बाजू कापा. नवीन सिल टाक्यांवर धरून दार लावून बघा. चारी बाजूंनी ४ ते ५ मि.मी. फट सारखी आली की मगच पक्कं वेल्डिंग.

सिलचे पत्रे इंग्लंडहून तयार मागवावेत की मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत बेंडिंग प्रेसवर वाकवून घ्यावेत? आतला आणि मधला पत्रा इथेच करा. २० गेज म्हणजे साधारण ०.९ मि.मी.चा सीआरसी (थंड लाटलेला) पत्रा, सरळ घड्या, काम अगदी ठीक होतं. बाहेरच्या सिलला मात्र खाली गोलाई आहे आणि ती साध्या प्रेसवर नीट येत नाही. तो एक तुकडा मागवलेलाच बरा. तयार आला तरी टोकं घासून बसवावी लागतातच, आल्याआल्या बसेल अशी आशा ठेवू नका. वेल्डिंगला गॅसपेक्षा मिग (तार आपोआप पुढे सरकणारं विजेचं वेल्डिंग) घ्या, ०.८ मि.मी. तार चालते. एका जागी १०-१५ मि.मी.पेक्षा जास्त ओढू नका, लगेच दुसऱ्या टोकाला जा. गॅसची आच पसरते, पत्रा लहरी घेतो आणि त्या लहरी मग लांबीने, म्हणजे खड्डे भरायच्या लगद्याने, झाकाव्या लागतात.

बॉनेटबद्दल एक इशारा. मार्क थ्रीपर्यंतच्या गाड्यांना मडगार्डच्या माथ्यावर सांध्याची उभी रेघ असते. १९७० च्या मार्क फोरमध्ये ती गेली. ‘कस्टम’ म्हणून जुन्या बॉनेटवरची ही रेघ लांबीने बुजवायचा मोह अनेकांना होतो. आख्खं बॉनेट पुढे उलटणारं एकच मोठं पान (पॅनेल) आहे, दर वेळी उघडताना ते पिळतं, आणि सांधा आतून सलग वेल्ड केलेला नसेल तर रेघेच्या जागी तडा जातोच. फायबरचे रुंद मडगार्ड चिकटवणाऱ्यांचंही तेच: पत्रा आणि फायबर उन्हात सारखे फुगत नाहीत, त्यामुळे जोडाला दोन भागांचा इपॉक्सी चिकटवा लागतो, नुसती लांबी पुरत नाही.

आता लांबी. बाजारात दोन जाती मिळतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी ट्यूबमधून किंवा डब्यातून येते, हार्डनर लागत नाही, आणि थिनर उडेल तशी महिनोन्महिने आक्रसत राहते. ती फक्त टाचणीएवढ्या खळग्यांसाठी. खरं काम पॉलिएस्टर लांबीचं, म्हणजे हार्डनरवाली. वजनाने २ टक्के हार्डनर, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. कारागीर रंग बघून अंदाजाने मिसळतात आणि तिथेच फसतं. हार्डनर जास्त झाला तर पेरॉक्साइड उरतं आणि वरच्या रंगातून पिवळट डाग होऊन वर येतं. कमी झाला तर लांबी आतून चिकट राहते. बडोद्याच्या एप्रिल-मे मध्ये मिसळलेला गोळा दोन-तीन मिनिटांतच आवळतो, म्हणून हार्डनर कमी करण्याऐवजी गोळाच छोटा घ्या. जाडी ३ मि.मी.च्या आत. त्याहून खोल खड्डा असेल तर हातोडी आणि डॉली (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) परत उचला.

आणि लांबी पाणी पेपरने घासू नका. आपल्याकडची ही सर्वात पक्की सवय आहे आणि सर्वात महाग पडणारीही. पॉलिएस्टर लांबीत टाल्क असतं, ते पाणी शोषतं. वरून कोरडी दिसते, अस्तर मारलं जातं, आणि पहिल्या उन्हाळ्यात फोड येतात. मग दोष रंगाच्या कंपनीला! कोरडा ८० नंबर, मग १२०, मग १८०, तोही लाकडी किंवा फोमच्या लांब ब्लॉकवर. हाताच्या तळव्याने घासलं की बोटांचे खळगे पत्र्यावर उतरतात आणि चकाकी आल्यावरच दिसतात.

अस्तरात इपॉक्सी प्रायमरला आमचे पैकीच्या पैकी गुण. रेड ऑक्साइड स्वस्त असला तरी पाण्याची वाफ अडवण्यात तो इपॉक्सीच्या जवळपासही नाही, आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन रंग) मारला तर थिनरने खालचा थर उचलू शकतो. गंज काढायला फॉस्फोरिक आम्ल वापरलं असेल तर ते धुऊन, पुसून, पूर्ण वाळवून मगच इपॉक्सी. आम्लाचा पातळ थर राहिला तर प्रायमर सालीसारखा निघतो. एच प्रायमरवर (पत्रा किंचित खाऊन पकडणारा आम्लयुक्त प्रायमर) थेट लांबी नको, त्यातलं आम्ल लांबीला पकडू देत नाही. उघडा पत्रा ८० नंबरने घासायचा, इपॉक्सीचे दोन कोट, त्यावर लांबी, मग २के (हार्डनर मिसळायच्या, दोन भागांच्या) सरफेसरचे, म्हणजे घासून सपाट करायच्या जाड अस्तराचे, दोन-तीन कोट. सरफेसर रात्रभर वाळू द्या, वर काळ्या रंगाचा हलका फवारा उडवा आणि ३२० ने ब्लॉक करा. काळं जिथे राहील तिथे खड्डा, पत्रा जिथे उघडा पडेल तिथे उंचवटा. स्पिटफायरएवढ्या, म्हणजे सुमारे ३.७ मीटरच्या गाडीला दारांच्या कडा, डिकी आणि बॉनेटची आतली बाजू धरून फवारायला तयार असा सुमारे ३ लिटर इपॉक्सी, तेवढाच सरफेसर आणि ३ ते ४ लिटर वरचा रंग लागतो. रंग एकाच वेळी, एकाच डब्यात मिसळून घ्या.

कंप्रेसर घेताना कॅटलॉगमधला ‘डिस्प्लेसमेंट’चा आकडा बघू नका. तो पिस्टनच्या हालचालीचा हिशेब असतो. प्रत्यक्ष हवा त्याच्या साधारण ७० टक्के मिळते. ढोबळ अंदाज असा की एका एचपीला मिनिटाला १०० लिटर. चांगल्या एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनला मिनिटाला ४०० लिटरच्या आसपास हवा लागते. दोन एचपीवर ती गन बॉनेटच्या अर्ध्यातच गुदमरते, फवारा जाड होतो आणि ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, येतो. मग लोक त्यात थिनर वाढवतात आणि ओघळ आणतात. तीन एचपी, बेल्टवाला, २०० लिटर टाकी, आणि सोबत आरपी (कमी केलेल्या दाबाची) किंवा कमी हवेची गन (३०० लिटरच्या आतली) ही घरची खरी जोडी. सिंगल फेजवर तीन एचपी चालतो, पण चालू होताना करंट मोठा उसळतो. पंखे-दिव्यांच्या लाइनवर लावला तर एमसीबी पडणारच. मीटरपासून वेगळी जाड वायर आणि स्टार्टर लावून घ्या. होज १० मि.मी. आतल्या व्यासाचा. दाब गनच्या तोंडाशी, ट्रिगर दाबलेला असताना मोजायचा: साधारण २ बार.

हवेतलं पाणी हा बडोद्यातला निम्मा प्रश्न. पावसाळ्यात ३२ अंश आणि ८० टक्के आर्द्रता असली की एका घनमीटर हवेत सुमारे २७ ग्रॅम पाणी असतं. जानेवारीच्या दुपारी २७ अंश आणि ३५ टक्क्यांना ते ९ ग्रॅम. मिनिटाला ३०० लिटर हवा ओढणारा कंप्रेसर जुलैत तासाभरात जवळपास अर्धा लिटर पाणी आत घेतो. त्यातलं बरंचसं टाकीत साचतं, उरलेलं गरम हवेबरोबर वाफ होऊन पुढे निघतं आणि थंड होज लागला की थेंब होतं. म्हणून कंप्रेसरच्या तोंडालाच लावलेला सेपरेटर जवळपास शोभेचाच. आठ-दहा मीटर धातूचा पाइप भिंतीवरून चढ-उतार करत न्या, खालच्या वळणांना ड्रेन कॉक द्या, आणि सेपरेटर पाइपाच्या शेवटी लावा. गनपाशी सिलिका जेलचा छोटा ड्रायर लावला तर उत्तम. पीयूच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी भिडतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो आणि रंगात सूक्ष्म भोकं राहतात. पेंटर त्याला ‘रंग खराब आला’ म्हणतो. रंग बिचारा ठीकच असतो.

एनसी, म्हणजे जुन्या पेंटरांचा ‘डुको’, अजूनही मिळतो आणि धुळीच्या शेडमध्ये त्याचा एक गुण मानायलाच हवा: तो पंधरा मिनिटांत वाळतो, धूळ बसायच्या आत. पण दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका होतो. शिवाय स्पिटफायरचं पेट्रोलचं झाकण मागच्या पानावर, डिकीच्या अगदी पुढे आहे. इथेनॉलवालं पेट्रोल तिथे सांडलं की एनसी मऊ पडतो. जुन्या गाडीवर आधीचा रंग कुठला ते बघायला थिनरचं ओलं फडकं अर्धा मिनिट दाबून धरा. रंग फडक्याला आला तर खाली एनसी आहे. तो पत्र्यापर्यंत काढा, त्यावर पीयू मारू नका.

घरी आमची पसंती एकाच थराचा, साधा २के पीयू. मेटॅलिक नको. साध्या रंगात बसलेला कण वाळल्यावर घासून काढता येतो. मेटॅलिक बेसमध्ये तो घासला की चांदी हलते आणि सगळं पान पुन्हा मारावं लागतं. ट्रायम्फच्या पाटीवर रंगाचा क्रमांक असतो, सिग्नल रेड ३२, कॉनिफर ग्रीन २५ असा. रंगाची शेड (छटा) बनवणाऱ्या दुकानात तो क्रमांक आणि नमुना दोन्ही न्या. नमुना दाराच्या आतल्या अस्तरामागचा किंवा डिकीतल्या गालिच्याखालचा, ऊन न लागलेला. चांगलं दुकान कसं ओळखावं? ०.१ ग्रॅमचा काटा वापरतात, फॉर्म्युल्याची वजनांसकट चिठ्ठी देतात, आणि पत्र्याच्या तुकड्यावर मारून, वाळवून दाखवतात. डब्यात काठी बुडवून ‘जुळलं’ म्हणणाऱ्या दुकानातून शेड घेऊ नका. वाळल्यावर पीयू किंचित गडद होतो.

गनचं थोडक्यात: वरच्या रंगाला १.३ किंवा १.४ चं नोझल, सरफेसरला १.८. अंतर १५-२० से.मी., प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्म्याहून जास्त चढवा. दोन कोटांमध्ये बोट लावल्यावर तार सुटू नये, नुसता ठसा उमटावा, एवढा वेळ. मे महिन्यात स्लो थिनर घ्या, नाहीतर वरची साय आधी धरते आणि आतला थिनर फोडून बाहेर येतो. डॅशबोर्ड चमकवायचा सिलिकॉनचा स्प्रे शेडमध्ये आणूसुद्धा नका, फिश आय (रंग बाजूला सरकून पडणारे गोल खळगे) तिथूनच येतात. डोक्याला तेल लावलेला हात पत्र्यावर फिरला तरी तेच. एका फडक्याने डीग्रीझर लावा आणि तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसा.

मास्कवर काटकसर नको. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून २के मारणं मूर्खपणा आहे. आयसोसायनेटला वासाचा इशारा नसतो, त्यामुळे मास्कच्या गाळणीचं काडतूस संपलंय हे कळत नाही, आणि एकदा शरीर चिडलं की पुढे थोड्याशा वाफेनेही दमा उठू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क हाच योग्य. त्याची हवा वेगळ्या, तेलविरहित ब्लोअरची हवी, रंगाच्या कंप्रेसरची नको. तो जमत नसेल तर वरचा कोट बाहेर करून घ्या. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. वाड्याच्या चौकात मारणार असाल तर शेजारच्यांच्या खिडक्या आणि वाळवणं याचा विचार आधी करा.

वेळ म्हणाल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहा ते तीन. भल्या पहाटे पत्रा गार असतो, त्यावर दव धरतं. उत्तरायणाचे दोन दिवस सोडा, गच्चीवरून पडणारा पतंग ओल्या रंगालाच शोधत येतो. मार्च-एप्रिलमध्ये कडुनिंबाखालची शेड बाद.

रंग पूर्ण बदलायचा असेल तर आरसीतला रंगही आरटीओकडून बदलून घ्यावा लागतो. आणि ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांत चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. सिल मूळ मापाने बदलणं ही दुरुस्ती झाली. मडगार्ड कापून रुंद करणं हा बदल झाला. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात भरलेल्या कॉनकूरसारख्या (जुन्या गाड्यांच्या स्पर्धेसारख्या) प्रदर्शनात गाडी न्यायची इच्छा असेल, तर कस्टमची हौस रंगापुरती ठेवा.

भाड्याचा बूथ (रंग मारायची बंद, धूळ नसलेली खोली) हा मधला मार्ग आणि मेटॅलिक हवाच असेल तर एकमेव. सरफेसरचं घासकाम घरी उरकून गाडी टोचनावर न्या, मास्किंग स्वतः करा, आणि बेकिंगला ६० अंशांवर जाण्याआधी काचांची जुनी रबरं काढून ठेवा. उरलेल्या हार्डनरचा डबा उघडला त्याच दिवशी संपवा. झाकण कितीही घट्ट लावलं तरी आपल्या दमट हवेत पुढच्या खेपेला तो ढगाळ झालेला निघेल, आणि ढगाळ हार्डनर रंगात घालण्यापेक्षा फेकलेला स्वस्त.