वर्गणीचे २१ हजार आणि कधीच न बनलेला गेममोड

गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका मुलानं मला व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, "गॅरीज मॉडसाठी दहीहंडीचा गेममोड बनवून देतोय एक जण. पंधरा हजार म्हणतो. देऊ का?" व्हिडिओ पाऊण मिनिटाचा. सुरुवातीची दहा सेकंदं हंडीची. पुढं एक ट्रॉली, तिला बांधलेले दोर, दोर ओढणारी चार माणसं आणि वळणावर एका बाजूला कलणारी ती ट्रॉली. हा भाग मला पाठ आहे. २०२३ च्या जूनमध्ये तो मी तीसेक वेळा पाहिला होता, आणि तो पाहूनच चौदा जणांच्या वर्गणीचे २१,००० रुपये एका माणसाला पाठवले होते. त्याचा धंदा अजून चालू आहे, म्हणून हे सगळं लिहून काढतो आहे.

गॅरीज मॉड माहीत नसलेल्यांसाठी थोडं सांगतो, कारण फसवणुकीची मेख त्यातच आहे. इंग्लंडमधल्या गॅरी न्यूमननं २००४ च्या डिसेंबरमध्ये 'हाफ-लाइफ २' या गेमवर केलेला हा मॉड, म्हणजे तयार गेममध्ये बदल करून केलेला नवा खेळ. २००६ मध्ये तो स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला. यात जिंकणं-हरणं नाही, गोष्ट नाही. एक मोकळं मैदान मिळतं आणि हातात दोन हत्यारं. फिजिक्स गननं कुठलीही वस्तू उचलायची, फिरवायची, हवेत गोठवायची. टूल गननं ती दुसरीला जोडायची, दोर बांधायचा, चाकं लावायची. वस्तूंना वजन आहे, घर्षण आहे, तोल आहे. फळी एका टोकाला जड झाली तर खरीखुरी कलंडते. हे सगळं गेममध्ये पहिल्या दिवसापासून असतं, त्यासाठी कुणाला वेगळा एक पैसाही द्यावा लागत नाही.

यावर लोक लुआ नावाच्या भाषेत स्वतःचे नियम लिहितात. तो गेममोड. लपलेला खुनी शोधायचा 'ट्रबल इन टेररिस्ट टाउन', एका गटानं खुर्ची-बादली होऊन लपायचं आणि दुसऱ्यानं शोधायचं तो 'प्रॉप हंट', नोकऱ्या करत शहर चालवायचं ते 'डार्कआरपी', हे सगळे खेळणाऱ्यांमधूनच आले आणि फुकट मिळतात. म्हणजे पडणं, कलणं, ओढलं जाणं हे गेमचं. कुणी कधी काय करायचं, गुण कशाचे आणि दंड कशाचा, हे गेममोड लिहिणाऱ्याचं. मेहनत या दुसऱ्या भागात असते. पैसे देताना मला नेमकं हेच उमगलं नव्हतं.

आम्ही सगळे मिरजेचे. आता कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूत, एक जण जर्मनीत. शनिवारी रात्री सगळे मिळून खेळायचो. एका गणपतीत सुट्टी न मिळाल्यानं बरेच जण गावी जाऊ शकले नाहीत, तेव्हा आम्ही गेममध्येच मंडप उभारला. पत्रे, फळ्या, पिंपं जोडून स्वागत कमान केली. मिरजेची विसर्जन मिरवणूक ज्यानं पाहिली आहे त्याला त्या कमानींचं काय महत्त्व असतं ते सांगायला नको. त्या रात्री जर्मनीतला मित्र बराच वेळ काही बोललाच नाही, नुसता कमानीखाली उभा होता. तेव्हाच ठरलं की पुढच्या वर्षी याचा नीट गेममोड करायचा. दोन मंडळं, दारोदार जाऊन वर्गणी, पावतीपुस्तक, जमलेल्या पैशांतून देखावा, आणि शेवटी दोरांनी ओढायची मिरवणूक. ट्रॉली ठरावीक कोनापलीकडे कलली की गुण जाणार. आमच्यापैकी कुणालाच लुआ येत नव्हती. म्हणून चौदा जणांनी दीड-दीड हजार काढायचे ठरले. पैसे माझ्याकडे जमा झाले. खजिनदार मी होतो.

हा माणूस आम्हाला डिस्कॉर्ड या गप्पांच्या अॅपवरच्या एका ग्रुपवर भेटला. मराठी बोलायचा. पहिल्याच दिवसापासून मला दादा म्हणायला लागला. "दादा, बाहेरच्यांकडून मी चाळीस घेतो, पण हे आपल्या बाप्पाचं काम आहे, तुमच्याकडून एकवीसच घेईन." आठवड्याभरात व्हिडिओ आला. तो मी ग्रुपवर टाकला तर सगळे हरखून गेले. ट्रॉली ओढली जात होती, कलत होती, वर कोपऱ्यात 'वर्गणी ११,५०१' अशी देवनागरी पाटी होती.

आज तोच व्हिडिओ पाहताना तीन गोष्टी डोळ्यांत खुपतात. एक तर ती पाटी. पाऊण मिनिटात आकडा एकदाही हलत नाही, कारण ती गेममध्ये नव्हतीच, व्हिडिओवर मागाहून चिकटवलेली होती. दुसरं, दोर ओढणाऱ्या एकाच्या हातात टूल गन आहे. मिरवणुकीच्या मोडमध्ये खेळाडूच्या हातात बांधकामाचं हत्यार कशाला असेल? ते साधं सँडबॉक्स, म्हणजे गेमचं नियम नसलेलं मोकळं मैदान होतं आणि दोर नुकताच बांधलेला होता. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोठी. ट्रॉली कलते, पण कलल्यावर काहीच घडत नाही. गुण जात नाहीत, शिट्टी वाजत नाही, फेरी संपत नाही. आम्हाला हवा असलेला नियम त्यात नव्हता. होतं ते गेमचं फुकटचं फिजिक्स, आणि ते त्यानं स्वतःचं काम म्हणून आम्हाला विकलं.

सात हजार आगाऊ गेले. जुलैत दुसरे सात. मी दोनदा म्हटलं, आम्हाला तुझ्या सर्व्हरवर येऊन पाच मिनिटं खेळून बघू दे. एकदा म्हणाला सर्व्हरचं भाडं संपलंय, दुसऱ्यांदा म्हणाला कोड चोरीला जातो, आधी सगळे पैसे द्या. दुसऱ्या कारणात थोडं तथ्य असतं. खेळाडू सर्व्हरला जोडला की गेममोडचा काही भाग त्याच्या संगणकावर उतरतोच. पण सर्व्हरवर चालणारा भाग, जिथं खरे नियम असतात, तो उतरत नाही. म्हणजे पाच मिनिटं खेळू दिल्यानं त्याचं काहीच जाणार नव्हतं. हे मला तेव्हा कळलं असतं तर चौदा हजारांवरच थांबलो असतो. सप्टेंबरच्या ११ तारखेला शेवटचे सात हजार दिले आणि त्याच रात्री फाइल मिळाली.

फोल्डरला आमच्या मंडळाचं नाव होतं. पहिल्या फेरीत फेटा घातलेलं पात्र दिसलं आणि आम्ही खूश झालो. मग एकानं वर्गणीपेटी ठेवली. दारोदार न जाता तिच्यातून आपोआप पैसे यायला लागले आणि थोड्या वेळानं पेटीनं पेट घेतला. बंगळुरूचा मित्र लगेच म्हणाला, "अरे, हा तर डार्कआरपीचा मनी प्रिंटर आहे." डार्कआरपीत पैसे छापायचं एक यंत्र असतं, ते तापून पेटतं. याचं नाव तेवढं बदललेलं होतं. तिथल्या मेयरचा आमच्याकडे अध्यक्ष झाला होता. मिरवणूक, कोन, गुण यातलं काहीच नव्हतं. मी मेसेज केला तर उत्तर आलं, "दादा, बाकीचं अपडेटमध्ये येतंय, चतुर्थीला चालू करा." चतुर्थी १९ तारखेला होती. आम्ही चालू केलं. ही माझी दुसरी आणि पहिलीपेक्षा मोठी चूक.

त्या रात्री बावीस जण आले होते. त्यात माझा सोळा वर्षांचा मावसभाऊ होता, मीच त्याला बोलावलं होतं. पावणेबाराच्या सुमारास कुणा अनोळखी खात्याला आपोआप सुपरअॅडमिनचे, म्हणजे सर्व्हरवर काहीही करायचे अधिकार मिळाले. मंडप, कमान, ट्रॉली सगळं एका क्षणात पुसलं गेलं. मग प्रत्येकाच्या स्क्रीनवर स्टीमची खिडकी उघडली, 'सत्र संपले आहे, पुन्हा लॉगिन करा'. हुबेहूब खरी दिसणारी. मावसभावानं पासवर्ड टाकला, पाठोपाठ फोनवर आलेला कोडही टाकला.

हे समजून घ्या, कारण याचा गेममोड विकत घेण्याशीही संबंध नाही, नुसतं खेळणाऱ्यालाही हे होऊ शकतं. या गेममध्ये सर्व्हर तुमच्या संगणकावर लुआचा कोड पाठवतो आणि तो तिथं चालतो, नव्या गेममोडचे बटणं-पाट्या त्यामुळेच दिसतात. त्याच मार्गानं सर्व्हर गेमच्या आतच एखादं वेबपान दाखवू शकतो, आणि त्या पानाला पत्त्याची पट्टी नसते. म्हणजे खरं-खोटं तपासायला जागाच नाही. तुम्ही स्टीममधूनच गेम उघडलेला असतो. चालू गेमच्या आत स्टीम तुमच्याकडे पासवर्ड मागत नाही. तशी खिडकी आली की गेम पूर्ण बंद करा. २०१४ च्या एप्रिलमध्ये याच गेममध्ये असा एक कोड सर्व्हरवरून खेळाडूंकडे आणि खेळाडूंकडून दुसऱ्या सर्व्हरवर पसरला होता, लोकांच्या नावानं चॅटमध्ये आपोआप खोकल्याचे मेसेज पडायचे. ती फट गेम बनवणाऱ्यांनी बुजवली. पण आमच्याकडे फट नव्हतीच, दार मी स्वतःच्या हातानं बसवून घेतलं होतं.

वीस मिनिटांनी त्याच 'दादा' म्हणणाऱ्याचा मेसेज आला. पाच हजार टाका, सर्व्हर परत देतो. मी पैसे दिले नाहीत, सर्व्हर बंद केला.

दुसऱ्या दिवशी बंगळुरूच्या मित्रानं सगळ्या फाइली एकत्र शोधून पाहिल्या. तसं करायला लुआ यावी लागत नाही. साध्या नोटपॅड प्लस प्लसमध्ये पूर्ण फोल्डरमध्ये एक शब्द शोधायची सोय असते. 'रनस्ट्रिंग', 'कंपाइलस्ट्रिंग' आणि 'एचटीटीपी.फेच' हे शब्द इंग्रजीत टाकून शोधायचे. पहिले दोन म्हणजे मजकूर म्हणून आलेली कुठलीही ओळ कोड म्हणून चालवणं. तिसरा म्हणजे इंटरनेटवरून मजकूर आणणं. प्रामाणिक कोडमध्येही हे कधी कधी असतात, पण बाहेरून आणलेला मजकूर थेट चालवायला दिला असेल तर ते मागचं दारच. आम्हाला ते फेट्याच्या फाइलमध्ये सापडलं. ओळ उजवीकडे इतकी लांब सरकवून लिहिली होती की स्क्रीनवर कोरी जागा दिसावी. कधी कधी हे शब्द सरळ न लिहिता आकड्यांच्या आणि तिरक्या रेघांच्या मालिकेत लपवतात, तर कधी चित्राच्या फाइलमध्ये. म्हणून पगडी-फेट्याच्या फाइलमध्ये अशी न वाचता येणारी लांबलचक मालिका दिसली तर तो अॅडऑन, म्हणजे गेमला जोडायची ती भर, लावू नका. त्याच फोल्डरमध्ये दुसऱ्या कुणाचे तरी विकतचे दोन अॅडऑन चोरून घातलेले होते, त्यावर मूळ लेखकाचं नाव तसंच होतं. म्हणजे आमच्या पैशांनी आणखी एकाच्या मेहनतीवर डल्ला मारला गेला होता. त्या लेखकाला मी पत्र लिहून सगळं कळवलं.

१९३० वर फोन केला आणि केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. तिन्ही व्यवहारांचे यूटीआर क्रमांक, सगळे मेसेज आणि तो व्हिडिओ जोडला. तोवर शेवटच्या हप्त्यालाही नऊ दिवस होऊन गेले होते, त्या खात्यात काही उरलेलं नव्हतं. पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच ते परत मिळायची आशा असते, म्हणून संशय आला की त्याच तासाला फोन करा. मी ११ तारखेच्या रात्री, वर्गणीपेटी पेटली तेव्हाच करायला हवा होता. आणि सगळे मेसेज आधी जपून ठेवा. आमची तक्रार झाल्यावर त्यानं त्याच्या बाजूचे सगळे पुसून टाकले.

मावसभावाचं खातं स्टीमच्या मदतकक्षाकडून चार दिवसांनी परत मिळालं. खात्यातल्या, गेममध्ये वापरायच्या वस्तू मात्र गेल्या. दोन वर्षं खाऊचे पैसे साठवून घेतलेल्या होत्या, आणि एकदा दुसऱ्याच्या खात्यात गेलेल्या वस्तू स्टीम तेव्हा परत देत नव्हतं. पासवर्ड बदलल्यावरही एक गोष्ट तपासावी लागते. खात्यावर चोरानं एपीआय की, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमला खात्यात डोकावू देणारी किल्ली, काढून ठेवलेली असू शकते, ती रद्द केली नाही तर तो तुमच्या देवाणघेवाणीवर नजर ठेवून राहतो. त्याच्या खात्यावर ती होती. मावशीनं मला एका शब्दानं विचारलं नाही. ते मला फार जड गेलं.

त्या दहीहंडीवाल्या मुलाला मी सांगितलं, त्या माणसाला व्हिडिओ मागू नकोस, ट्रॉली कलल्यावर पुढं काय होतं ते त्याच्या सर्व्हरवर येऊन बघतो म्हण. त्यानं तसं लिहिलं. उत्तर आलं, "दादा, सर्व्हरचं भाडं संपलंय."

चौदापैकी अकरा जणांचे दीड-दीड हजार मी परत केले. वर्षभर लागलं. तिघांनी घेतले नाहीत. त्यांचे साडेचार हजार वहीत वेगळे लिहून ठेवले आहेत. बंगळुरूच्या मित्रानं मधल्या काळात लुआ शिकायला घेतली. त्यानं आतापर्यंत एकच नियम लिहिला आहे. ट्रॉली तीस अंशांपलीकडे कलली की ढोल थांबतात आणि मंडळाचे दहा गुण जातात. मागच्या शनिवारी आम्ही सहा जणांनी ती अडीच तास ओढून पाहिली.