चार्ज उतरला की ट्रक नेमका कुठे मार खातो: काही महिने ड्रॅग स्ट्रिपवर वापरल्यानंतर

माझा इलेक्ट्रिक ट्रक मी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या (सुमारे ४०० मीटर) सरळ शर्यतपट्टीवर पळवतो. हे लिहायला निमित्त सर्व्हिस सेंटरचं. तक्रार साधी होती: चार्ज निम्म्याखाली गेला की ताशी ८० किमीच्या पुढे ट्रकचा जोर ओसरतो. त्यांनी गाडी १०० टक्के चार्ज केली, एक फेरी मारली आणि "एरर कोड नाही, म्हणजे दोष नाही" असं लिहून परत दिली. निम्म्या चार्जवरची तक्रार पूर्ण चार्जवर तपासून काय कळणार? चीड आली ती याची.

मुळात दोष आहे का, हे टाइम स्लिप (रननंतर मिळणारी वेळ-वेगाची चिठ्ठी) नीट वाचली तरच ठरवता येतं. बहुतेक जण फक्त ईटी, म्हणजे पूर्ण रनला लागलेला वेळ बघतात. चार्जचा परिणाम शोधायचा असेल तर आधी साठ फुटांचा टाइम (पहिले साठ फूट पार करायला लागलेला वेळ) बघा आणि मग थेट ट्रॅप स्पीडवर (शेवटच्या रेषेजवळचा वेग) या. चार्ज ९० असो की ४०, साठ फुटांचा टाइम जवळपास तोच येतो. सुटताना मर्यादा असते टायरच्या पकडीची आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) मोटरला किती करंट देऊ शकतो त्याची. मोटर सावकाश फिरत असते तेव्हा तिला व्होल्टेज थोडंच लागतं. त्यामुळे मोटरमध्ये प्रचंड करंट वाहत असला तरी बॅटरीतून त्याचा छोटा हिस्साच निघतो. बॅटरीची खरी परीक्षा वेग वाढल्यावर सुरू होते. मोटर स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करू लागते आणि त्याच्या विरुद्ध करंट रेटायला पॅकचं व्होल्टेज कमी पडतं. पहिल्या १०० मीटरमध्ये फरक जाणवत नाही, उरलेल्या ३०० मीटरमध्ये जाणवतो, तो यामुळे.

याचा पुरावा फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगमध्ये आयताच मिळतो. ९८ किलोवॅट-तासांचा पॅक घेतला तर ४५२ हॉर्सपॉवर, १३१ चा घेतला तर ५८०, आणि टॉर्क दोन्हीला तोच, ७७५ पाउंड-फूट. म्हणजे वरच्या वेगाची ताकद किती, हे तिथे बॅटरी ठरवते.

आता आकडे. ९६ सेल सिरीजमध्ये असलेला निकेलवाला लिथियम-आयन पॅक घ्या. पूर्ण चार्जवर सेल ४.२ व्होल्ट, म्हणजे पॅक ४०३ व्होल्ट. निम्म्यावर सेल साधारण ३.७, म्हणजे ३५५. पॅकचा अंतर्गत रोध ५० मिलिओहम धरला, तर १००० अँपियर ओढताच ५० व्होल्ट आतच खर्ची पडतात. हाती उरतात पूर्ण चार्जवर ३५३ किलोवॅट, निम्म्यावर ३०५. वीस टक्क्यांवर सेल ३.५ च्या आसपास येतो आणि रोधही वाढतो. तो ६५ मिलिओहम धरला तर उरतात २७१. पाव मैलाचा वेळ ढोबळमानाने ताकदीच्या घनमूळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. या हिशेबाने पूर्ण चार्जवर १२.० सेकंद घेणारा ट्रक निम्म्यावर १२.६ आणि वीसवर १३.१ कडे जातो. प्रत्यक्षात नुकसान थोडं कमी दिसतं, कारण सुरुवातीचा टप्पा पकडीवर चालतो. शिवाय काही कंपन्या वरची ताकद मुद्दाम छाटून ठेवतात, त्यामुळे बऱ्याच खालच्या चार्जपर्यंत आलेख सपाट राहतो आणि मग एकदम उतरतो. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) सेलचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात फारसं हलत नाही. तिथे हा उतार उशिरा येतो.

इथपर्यंत माझं मत होतं की सगळा खेळ चार्जचा. ओबीडी (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं उपकरण) लावून लॉग बघायला लागल्यावर ते बदललं. ज्या रनमध्ये ट्रक सर्वात मेला होता, त्यात चार्ज चांगला होता, पण पॅक थंड होता. थंडीत रोध सहज दुप्पट होतो. वरच्याच पॅकवर हिशेब करा: ९० टक्के चार्ज, सेल ४.०५ व्होल्ट, पण रोध १०० मिलिओहम, तर १००० अँपियरला मिळतात २८९ किलोवॅट. तोच पॅक ६० टक्क्यांवर, सेल ३.८, पण गरम आणि रोध ५०, तर ३१५. टक्के कमी असूनही ऊबदार पॅक जिंकतो. पॅक चाळीसेक अंशांपर्यंत आणल्याशिवाय मिळालेल्या टाइमवरून चार्जबद्दल काहीही बोलू नये, असं आता ठाम मत आहे.

लॉगमध्ये चार आकडे एकत्र बघा: पॅकचं व्होल्टेज, करंट, सर्वात कमी सेल व्होल्टेज आणि बीएमएसने (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) त्या क्षणी दिलेली डिस्चार्ज मर्यादा, म्हणजे पॅकमधून जास्तीत जास्त किती ओढता येईल तो आकडा. बीएमएस सरासरीवर चालत नाही. सर्वात अशक्त सेल खालच्या मर्यादेला टेकला की सगळ्या पॅकचा करंट कापला जातो. गाडी उभी असताना सेलमधला फरक १०–२० मिलिव्होल्ट असेल तर निश्चिंत राहा. जोर लावताना सेलचा एकच गट बाकीच्यांपेक्षा खूप खाली झुकत असेल तर तो खरा दोष, आणि सर्व्हिस सेंटरला कागदावर दाखवता येईल असा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे रेटिंगमधला एक तारा पूर्ण काढला. डिस्चार्ज मर्यादेचा आकडा गाडीला दर सेकंदाला माहीत असतो, पण पडद्यावर येत नाही. येते फक्त एक हिरवी पट्टी, खाली-वर होणारी. ना किलोवॅट, ना पॅकचं तापमान. एवढे पैसे मोजलेल्या ट्रकमध्ये हे बघायला वेगळा डोंगल आणि ॲप विकत घ्यावं लागतं, हे मला अजिबात पटत नाही. अंबियंट लाइटचे रंग निवडायला आख्खं पान आहे, बॅटरीच्या तापमानाला एक ओळ नाही!

तयारीचं सांगतो. एसी (सावकाश भरणाऱ्या) चार्जरने पॅक फारसा तापत नाही. डीसी फास्ट चार्जिंगने तापतो. म्हणून रात्रभर भरून सकाळी थंड पॅकने जाण्यापेक्षा जवळच्या डीसी चार्जरवर शेवटचा टप्पा भरा आणि सरळ स्ट्रिपवर या. प्रीकंडिशनिंग (पॅक आधीच हव्या तापमानाला आणणं) प्लग लावूनच करा, नाहीतर ते पॅकमधलीच वीज खातं. एका रनला मुळात कमी लागतं: ३१०० किलोचा ट्रक ताशी १७० किमीला नेण्याची गतिज ऊर्जा जेमतेम १ किलोवॅट-तास. मोठ्या पॅकचा तो टक्काभर. टक्के भराभर पडतात ते रांगेत उभं राहून हीटर, कूलिंग आणि केबिनचा एसी चालू ठेवल्याने. पेट्रोल ट्रकसारखं टाकी रिकामी ठेवून वजन वाचवायचा प्रकार इथे नाही. रिकामा पॅक भरलेल्या पॅकइतकाच जड.

मग १०० टक्क्यांवरच धावावं का? टाइमसाठी हो, पण थांबण्याचा विचार करून. भरलेला पॅक रीजन (वेग कमी करताना मोटरने परत दिलेली वीज) जवळजवळ घेत नाही, त्यामुळे रेषा ओलांडल्यावर सगळा भार ब्रेकच्या डिस्क-पॅडवर येतो. हमर ईव्ही चार टनांच्या वर आहे. अशा वजनाला लागोपाठ दोन-तीन रननंतर पेडल मऊ पडू शकतं. शटडाउन एरिया (रेषेनंतर थांबायची जागा) आखूड असेल तर ९० टक्क्यांवर धावा, तेवढ्याने टाइम फारसा जात नाही आणि रीजन बरंचसं परत मिळतं.

ब्रॅकेट रेसिंग (आपला टाइम आधी जाहीर करून त्याच्या जवळ धावायची शर्यत) करणाऱ्यांनी मात्र सर्वाधिक चार्जच्या मागे लागूच नये. तिथे लागतं सातत्य. ८० ते ८५ टक्के असा एक पट्टा ठरवा, प्रत्येक राउंडआधी त्यातच परत भरा, पॅकचं तापमान लिहून ठेवा. भरायला वेळ मिळाला नाही तर डायल-इन (काचेवर लिहिलेला आपला जाहीर टाइम) बदला. चार्ज पट्ट्याखाली घसरला असताना मागच्या राउंडचा आकडा काचेवर तसाच ठेवला, तर साठ फूट छान लागूनही शेवटच्या १०० मीटरमध्ये शेजारचा निघून जातो.