कर्सर हलला म्हणून पैसे दिले

जुना ग्राफिक्स टॅब्लेट (संगणकाला जोडून पेनने चित्र काढायचं साधन, जोरात दाबलं की रेघ जाड होते) घेताना होणारा व्यवहार बहुतेक वेळा असाच असतो. अ‍ॅपवर वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटची जाहिरात: 'वॅकॉम इंट्युओस, सहा महिने वापरलेला, बॉक्ससकट.' भेट दादर स्टेशनबाहेरच्या उपाहारगृहात. विक्रेता स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतो, केबल आधीच जोडलेली असते. पेंट उघडून पेन फिरवतो, रेघ उमटते. गिऱ्हाईक स्वतःची सही करून बघतं, तीही उमटते. चहा होतो, यूपीआयने पैसे जातात. घरी येऊन फोटोशॉप उघडलं की पेन टेकवण्याआधीच रेघ सुटते, आणि कितीही दाबलं तरी जाडी तीच.

यात विक्रेत्याने खोटं काहीच दाखवलेलं नसतं. त्याने फक्त कर्सर दाखवला.

वॅकॉमच्या पेनमध्ये बॅटरी नसते. टॅब्लेटच्या पोटातल्या तारांच्या जाळीकडून पेनमधल्या कॉइलला ऊर्जा मिळते आणि पेन सिग्नल परत पाठवतं. पेन कुठे आहे हे कळायला तेवढं पुरतं. दाब मोजणारा भाग टोकामागे असतो आणि पेन टोकावर पडलं की फटका त्यालाच बसतो. मग पेन हवेत असतानाही थोडा दाब दाखवत राहतं. पेंटमधल्या साध्या पेन्सिलीला दाबाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तिथे सगळं आलबेल दिसतं.

खरी चलाखी ड्रायव्हरमध्ये, म्हणजे टॅब्लेट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये असते. पेनच्या सेटिंगमध्ये टोक मऊ की कडक हे ठरवणारी पट्टी असते आणि किती दाबाला क्लिक धरायचं हा उंबरठाही वर सरकवता येतो. बिघडलेल्या पेनचा तो कायमचा थोडासा दाब उंबरठ्याखाली लपून जातो. ही सेटिंग विक्रेत्याच्या लॅपटॉपवरच राहते, पिशवीत तुमच्याबरोबर येत नाही. म्हणून तपासणी स्वतःच्या लॅपटॉपवरच करायची. ड्रायव्हर घरूनच टाकून न्या. उपाहारगृहात हॉटस्पॉटवर तो उतरेपर्यंत समोरच्याला लोकल पकडायची घाई सुटते. 'माझ्याकडे चालतोय ना, मग?' असं म्हणणाऱ्याकडून टॅब्लेट घेऊच नये, भाव कितीही कमी असो.

जोडल्यावर ड्रायव्हरमधली डायग्नोजची खिडकी उघडा. पेन पृष्ठभागापासून बोटभर वर धरा. दाबाचा आकडा शून्य हवा. एक-दोन टक्के जरी हलत असतील तरी पेन गेलं म्हणून समजा. आता टेकवून अगदी सावकाश दाब वाढवा. आकडा पायरीपायरीने चढायला हवा. शून्यावरून एकदम चाळीसवर उडी मारली तर शेडिंगला ते पेन कुचकामी. मग क्रिता हे फुकट सॉफ्टवेअर उघडा आणि पट्टी ठेवून तिरकी रेघ ओढा, गोगलगाईच्या वेगाने. भरभर ओढलेली रेघ सरळच येते, दोष लपतो. सावकाश रेघेत नागमोड दिसली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढा आणि मोबाईल बाजूला ठेवा, कारण त्यांच्या विद्युत गोंगाटानेही रेघ थरथरते. तरीही नागमोड राहिली तर दोष टॅब्लेटचा. चारही कोपऱ्यांत हेच करून बघा.

केबल पोर्टजवळ हलकेच वरखाली करा. सीटीएल-४७२ (वन बाय वॅकॉम) आणि सीटीएल-४१०० (इंट्युओस) या लहान मॉडेलांना मायक्रो यूएसबी आहे, आणि पिशवीत कोंबून नेलेल्या टॅब्लेटचं ते पोर्ट ढिलं झालेलं असतं. दिवा लागतो पण संगणक ओळखतच नाही, असं झालं तर लगेच फसलो म्हणू नका. केबल फक्त चार्जिंगची असू शकते. डेटाची केबल लावून बघा.

खोका एकाचा आणि माल दुसऱ्याचा हा प्रकार नवख्यांना कळत नाही, कारण लहान इंट्युओस आणि 'वन बाय वॅकॉम' या दोन्हींची चित्र काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटरच आहे. फोटोत फरक शोधत बसावा लागतो. इंट्युओस सीटीएल-४१०० वर चार बटणं असतात आणि दाबाच्या ४०९६ पातळ्या, म्हणजे दाबाचे तेवढे टप्पे तो ओळखतो. सीटीएल-४७२ ला बटणं नाहीत, पातळ्या २०४८. त्याच्या आधीच्या सीटीएल-४७१ ला फक्त १०२४, आणि नेमका हाच ४७२ च्या खोक्यात घालून दिला जातो. पाठीवरच्या लेबलवर मॉडेल आणि सिरीयल नंबर असतो. तो खोक्यावरच्याशी जुळवा. लेबल खरवडलेलं असेल तर उठा. पेनही त्याच मॉडेलचं हवं: 'वॅकॉमचं कुठलंही चालतं' ही थाप आहे. सॅमसंग मोबाईलचं पेन इंट्युओसवर चालत नाही, तसंच एका पिढीचं पेन दुसऱ्या पिढीच्या टॅब्लेटवर चालेलच असं नाही. पेन हरवलेला टॅब्लेट स्वस्तात मिळतो तो म्हणूनच.

पातळ्यांच्या आकड्याला मात्र फार भुलू नये. ८१९२ म्हटलं की गिऱ्हाईक हरखतं. हाताला जाणवतो तो फरक दुसराच असतो: किती हलक्या स्पर्शाला रेघ सुरू होते. ते खोक्यावर छापलेलं नसतं.

सगळ्यात हसू येणारी आणि तरीही रोज घडणारी फसवणूक म्हणजे एलसीडी रायटिंग पॅड. लोकलच्या डब्यात लहान मुलांसाठी विकायला येतो तोच काळा पॅड, हिरवट रेघ आणि पुसायचं एक बटण. ऑनलाइन जाहिरातीत त्याचाच 'डिजिटल ड्रॉइंग टॅब्लेट, प्रेशर सेन्सिटिव्ह' होतो आणि किंमत काही पटींनी चढते. गंमत अशी की प्रेशर सेन्सिटिव्ह हे शब्दशः खरं आहे: दाबलं की आतलं द्रव स्फटिक प्रकाश परतवू लागतं, जोरात दाबलं तर रेघ जाड. पण तो संगणकाला जोडलाच जात नाही. गोल बटण सेल लागतो तो फक्त पुसायला. जाहिरातीच्या फोटोत यूएसबी पोर्ट आणि ड्रायव्हरचा उल्लेख शोधा. दोन्ही नसतील तर ती पाटी आहे.

नवा घेताना ग्रँट रोड पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर 'बिलाशिवाय एवढे, बिलासकट तेवढे' असं ऐकायला मिळेल. बिलाशिवाय घेऊ नका. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेलं स्टिकर कायद्याने लागतं. ते नसेल तर वॉरंटीच्या वेळी हात वर केले जातात. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का बिलावर असला तरी घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल ३० दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा ठरते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

न बघता टोकन पाठवलंत आणि समोरचा गायब झाला तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवून. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तरच परत मिळण्याची शक्यता उरते.

आणि दुकानदारावर चढण्याआधी घरी दोन गोष्टी पाहा. जुन्या दुसऱ्या कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर मशीनवर राहिला असेल तर दोघं भांडतात आणि दाब नाहीसा होतो. जुना पूर्ण काढून मशीन परत सुरू करा. फोटोशॉपमध्ये ब्रशच्या शेप डायनॅमिक्समध्ये साइझपुढे पेन प्रेशर निवडलंय का आणि ड्रायव्हरमधलं विंडोज इंक (विंडोजची पेनसाठीची सोय) चालू आहे का, तेही बघा. पेन प्रेशरच्या पर्यायाशेजारी छोटा इशाऱ्याचा त्रिकोण दिसत असेल तर फोटोशॉपला अजून पेन सापडलेलंच नाही.