एचपी प्राइम जीटू: टचस्क्रीनवाला ग्राफिंग कॅल्क्युलेटर कोणी घ्यावा, कोणी घेऊ नये

एचपी प्राइमचं जीटू मॉडेल मी बरीच वर्षं रोज वापरतोय, ऑफिसात पण आणि घरी भाचीला शिकवताना पण, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो. गणित समजून घ्यायला आणि इंजिनिअरिंगच्या कामाला खिशात मावेल असं इतकं दमदार यंत्र मी दुसरं बघितलेलं नाही, पण आपल्याकडच्या परीक्षेसाठी म्हणून घेणार असाल तर अजिबात घेऊ नका. तो पैसा वाया जाईल आणि मुलाचा हिरमोड होईल तो वेगळाच.

माहितीसाठी, प्राइम पहिल्यांदा २०१३ मध्ये आला. साडेतीन इंची रंगीत स्क्रीन, फोनसारखा बोटाने चालणारा टच, दोन बोटांनी झूम होतो. २०१८ मध्ये त्याचंच जीटू मॉडेल आलं, दिसायला जवळपास तसंच पण आतला प्रोसेसर बदलला आणि मेमरी ३२ एमबीवरून थेट २५६ एमबीवर गेली. आकडे ऐकून फोनवाले म्हणतील की एवढुशी मेमरी, पण कॅल्क्युलेटरच्या दुनियेत ही चैन आहे. याच्या आधीचा एचपीचा मोठा कॅल्क्युलेटर म्हणजे ५०जी, तो ७५ मेगाहर्ट्झवर चालायचा आणि त्यावर लोकांनी आख्ख्या डिग्र्या काढल्या.

आता मुख्य गोष्ट, टचस्क्रीन. टच आहे म्हणजे सगळं स्क्रीनवरच टोचत बसायचं असं वाटतं ना, तसं नाहीये. खाली खऱ्या बटणांचा पूर्ण कीबोर्ड आहे, आकडे आणि फंक्शन बटणांनी टाकायचे, आणि ग्राफ हलवणं, मेन्यूतून निवडणं, आधीच्या ओळीतलं उत्तर उचलणं हे बोटाने. ही जी वाटणी केलीये ना ती मला सगळ्यात आवडते. फोनच्या काचेवर मोठं समीकरण टाइप करताना बोट कुठे पडलं ते कळत नाही, दर वेळेला नजर खाली न्यावी लागते, इथे हात बसला की कागदावरून नजर न हलवता आकडे जातात. आणि उलट जुन्या कॅल्क्युलेटरवर वीस ओळी वरचं उत्तर पाहिजे असेल तर बाणाचं बटण दाबत बसायला लागायचं, इथे बोटाने वर सरकवा, ओळीवर टॅप करा, कॉपी करा, झालं.

ग्राफमध्ये तर टचचा खरा फायदा कळतो. समजा डॅम्पिंगवालं म्हणजे हळूहळू विरत जाणारं कंपन बघायचंय, ई चा घात वजा एक्स भागिले पाच गुणिले साइन तीन एक्स, ते टाकलं आणि प्लॉट दाबलं की वक्र येतो, मग बोटाने ओढत पुढे जा, आडवी चिमूट काढली तर फक्त एक्स अक्ष ताणतो, उभी काढली तर फक्त वाय, तिरकी काढली तर दोन्ही. शेपटाकडची बारीक बारीक लाट बघायला फक्त वाय ताणायचा, आणि ती कशी विरत जाते ते डोळ्यासमोर दिसतं. विंडोच्या मर्यादा आकड्यांत टाकून परत परत ग्राफ काढायचा तो कंटाळा गेला. फंक्शनच्या मेन्यूत मूळ, छेदनबिंदू, उतार, क्षेत्रफळ, स्पर्शिका, कमाल-किमान सगळं आहे, आणि जे मूळ सापडतं ते रूट नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवलं जातं, होम म्हणजे नेहमीचे आकड्यांचे हिशेब करायच्या स्क्रीनवर जाऊन पुढच्या हिशेबात तसंच्या तसं वापरता येतं. स्केच म्हणून एक प्रकार आहे, बोटाने स्क्रीनवर वक्र काढायचा आणि तो त्याच्या जवळचं सरळ रेषेचं, द्विघाती, घातांकी, लॉग किंवा साइनचं फंक्शन शोधून देतो. भाची सेकंड इयरला आहे, तिला मी याच्यावर साइनच्या लाटेचा फेज म्हणजे काय ते दाखवलं, तिनेच बोटाने लाटा काढल्या आणि समीकरणात कंसातला आकडा कसा बदलतो ते बघत बसली. "मामा, हे वर्गात का नाही दाखवत?" हा तिचा प्रश्न अगदी रास्त आहे.

ॲडव्हान्स्ड ग्राफिंग म्हणून वेगळं ॲप आहे त्यात वाय बरोबर असं मांडायची गरजच नाही, एक्स आणि वाय दोन्ही कसेही मिसळलेलं समीकरण किंवा असमानता टाका, तिरकं इलिप्स असो नाहीतर साइन एक्सवाय असो, तो काढून देतो. थ्रीडी ग्राफ पण आहेत, पृष्ठभाग बोटाने फिरवून बघता येतो, मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलसवाल्यांना सॅडल पॉइंट (एका दिशेने टेकडी, दुसऱ्या दिशेने दरी असा बिंदू) समजायला हे फार उपयोगी. भूमितीच्या ॲपमध्ये त्रिकोणाचा कोपरा धरून ओढला की त्याच्यावर बांधलेली वर्तुळं, मध्यगा सगळं सोबत हलतं. स्प्रेडशीट आहे, स्टॅट्स आहे, कर्जाच्या हप्त्याचा हिशेब करायला फायनान्स आहे, ते सगळं नीट चालतं, त्यावर वेगळं लिहायची गरज नाही.

कॅस म्हणजे अक्षरांत गणित सोडवणारा भाग, तो तर याचा जीव आहे. हे इंजिन जियाक नावाच्या सॉफ्टवेअरवर बेतलेलं आहे, फ्रान्समधल्या ग्रनोबल विद्यापीठातले गणितज्ञ बर्नार्ड पॅरिस यांचं काम, आणि जियाक मुक्त सॉफ्टवेअर आहे म्हणजे तेच इंजिन एक्सकॅस या नावाने कॉम्प्युटरवर फुकट वापरता येतं. शंभर फॅक्टोरियल होम स्क्रीनवर काढलं तर ९.३३ गुणिले दहाचा १५७ वा घात असं येतं, कॅसमध्ये काढलं तर १५८ च्या १५८ अंक समोर हजर. इंजिनिअरिंगच्या एम-थ्री या गणिताच्या पेपरमधलं लाप्लास रूपांतर घ्या, ई चा घात वजा दोन टी गुणिले साइन तीन टी, टाकलं की ३ भागिले (एस वर्ग अधिक ४ एस अधिक १३) असं उत्तर लगेच. इन्व्हर्स पण होतं, डिफरन्शियल इक्वेशन पण सोडवतो, पार्शल फ्रॅक्शन, इंटिग्रेशन, मॅट्रिक्सची आयगन व्हॅल्यू सगळं. अर्थात पायऱ्या दाखवत नाही, फक्त उत्तर देतो, त्यामुळे हाताने सोडवून मग ताडून बघायला वापरलं तर अभ्यास होतो, नुसतं उत्तर उतरवलं तर काहीच होत नाही, हे मी भाचीला पण बजावून सांगितलंय.

माझं स्वतःचं काम पॉवर सिस्टीमचं आहे, म्हणजे दिवसभर कॉम्प्लेक्स आकडे. तिथे हा फार सुखाचा आहे. मॅग्निट्यूड आणि कोन असं थेट टाकता येतं, कॉम्प्लेक्स आकड्यांचं मॅट्रिक्स टेम्प्लेटच्या बटणातून वहीत लिहितो तसं उभं-आडवं भरता येतं, इन्व्हर्स लगेच. युनिट्स पण आकड्याला चिकटवता येतात, हॉर्सपॉवरचं किलोवॅट करायला गुणक आठवायला लागत नाही. साइटवर लॅपटॉप उघडायला जागा नसते, तिथे हेल्मेट घालून उभ्या उभ्या हे सगळं होतं, माझ्यासाठी एवढ्यावरच पैसे वसूल झाले.

आता त्रुटी, आणि त्या बारीकसारीक नाहीत.

सगळ्यात मोठा गोंधळ म्हणजे होम आणि कॅस ही दोन वेगळी घरं आहेत. होममध्ये मोठ्या लिपीतली ए ते झेड ही व्हेरिएबल, त्यांना कायम काही ना काही आकडा असतोच, काही नाही दिलं तर शून्य. कॅसमध्ये छोट्या लिपीतलं एक्स वापरायचं. पण फंक्शन ॲपमध्ये परत मोठं एक्स! नवीन माणूस कॅसमध्ये मोठं एक्स टाकून समीकरण सोडवायला जातो आणि भलतंच उत्तर येतं, कारण यंत्राने एक्सच्या जागी आकडा घातलेला असतो, आणि त्याला कळतच नाही काय झालं. कोनाचं पण तसंच, डिग्री की रेडियन हे होमच्या सेटिंगमध्ये वेगळं, कॅसच्या वेगळं, शिवाय प्रत्येक ॲपच्या स्वतःच्या सेटअपमध्ये पण असतं. एका यंत्रात साइन ३० ला कुठे अर्धा येतो कुठे वजा ०.९८८ येतो, हे शिकणाऱ्याच्या दृष्टीने वाईटच. डिझाइन करणाऱ्यांनी सुरुवातीलाच एकच नियम ठेवायला हवा होता, आता सवय लावून घेण्याशिवाय उपाय नाही. माझा सल्ला असा की पहिल्याच दिवशी तिन्हीकडे कोन एकसारखा करून टाका आणि कॅसमध्ये फक्त छोटी अक्षरं वापरा.

दुसरं म्हणजे आरपीएन, म्हणजे आधी आकडे टाकायचे आणि मग अधिक-वजाचं बटण दाबायचं ती पद्धत. एचपीची जुनी ओळख हीच, १९७२ च्या एचपी-३५ पासून लोक स्टॅकवर म्हणजे आकड्यांच्या उतरंडीवर हिशेब करतायत, आणि ज्यांचा हात एचपीच्या जुन्या ४८ आणि ५० या मॉडेलांवर बसलाय त्यांना प्राइम अर्धवट वाटणार. आरपीएन आहे, पण फक्त होममध्ये, कॅसमध्ये नाही. त्या मॉडेलांच्या आरपीएल भाषेतले जुने प्रोग्रॅम यावर चालत नाहीत, प्रोग्रॅमिंगची भाषाच वेगळी आहे. ती भाषा शिकायला सोपी आहे आणि वेगवान पण आहे, नंतर फर्मवेअरमधून (यंत्राच्या आतल्या मूळ सॉफ्टवेअरमधून) पायथन पण आलं, तरी जुन्या माणसाचं दुःख त्याने भरून निघत नाही. ५०जी मध्ये एसडी कार्ड टाकता यायचं ते पण इथे नाही.

स्क्रीन ३२० बाय २४० पिक्सेलची आहे. रंग चांगले, बोटाला प्रतिसाद चांगला, पण फोनच्या सवयीने बघाल तर अक्षरं दातेरी वाटतात आणि लांब उत्तर आलं की आडवं सरकवत बसावं लागतं. भर उन्हात साइटवर वाचायला त्रास होतो, सावलीत जावं लागतं. बटणांवर शिफ्टचं निळं आणि अल्फाचं केशरी लिहिलेलं आहे ते बारीक आहे, चाळिशीचा चष्मा लागलेल्यांनी आधी बघून घ्या. बॅटरी आतली लिथियमची, चार्ज करून वापरायची, त्यामुळे ती संपली तर कोपऱ्यावरच्या दुकानातून पेन्सिल सेल आणून काम भागवता येत नाही. चार्जिंगला मायक्रो यूएसबी आहे, म्हणजे आता घरात सगळ्यांच्या टाइप-सी केबल असताना ही एक वेगळी सांभाळायची.

परीक्षांचं मुद्दाम स्पष्ट लिहितो कारण पालक यातच फसतात. जेईईला कॅल्क्युलेटर चालत नाही, बारावी बोर्डाला चालत नाही, गेटला स्क्रीनवरचा व्हर्च्युअल कॅल्क्युलेटरच वापरायचा असतो, आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या पेपरला नॉन-प्रोग्रॅमेबल सायंटिफिक लागतो, म्हणजे तो आपला कॅसिओचा ९९१ वगैरे. अमेरिकेला शिकायला जाणाऱ्यांसाठी, तिथे कॉलेज प्रवेशाला एसीटी आणि एसएटी या परीक्षा असतात, त्यातल्या एसीटीमध्ये प्राइमचं नाव घेऊनच मनाई आहे. एसएटीमध्ये पूर्वी चालायचा, पण ऑगस्ट २०२५ पासून कॅसवाले कॅल्क्युलेटर बंद केलेत, आणि तसंही डिजिटल एसएटीमध्ये डेस्मॉस हा ग्राफ काढणारा कॅल्क्युलेटर आतच दिलेला असतो. तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी इंजिनिअर मंडळींनी पण लक्षात ठेवा, एफई आणि पीई या इंजिनिअरच्या परवान्याच्या परीक्षांना ठराविक सायंटिफिक मॉडेलच चालतात, हा नाही. यात एक्झाम मोड आहे, ॲप्स आणि कॅस बंद करता येतात आणि वरचे दिवे लुकलुकतात म्हणजे पर्यवेक्षकाला लांबून कळतं, चांगली सोय आहे, पण ती मान्य करणारी परीक्षा असेल तरच उपयोग.

दुसरे पर्याय काय, तर टीआयचा (टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा) एनस्पायर सीएक्स टू कॅस आणि कॅसिओचा क्लासपॅड. टीआयला टचस्क्रीन नाही, टचपॅड आहे, डॉक्युमेंट जपून ठेवायची पद्धत मात्र त्याची नीटनेटकी आहे. क्लासपॅडची स्क्रीन प्राइमपेक्षा बरीच मोठी, त्यात स्टायलसने समीकरण उचलून ग्राफच्या खिडकीत टाकलं की ग्राफ तयार, ही कल्पना प्राइममध्ये असती तर बहार आली असती. पण त्याला बटणं मोजकीच आहेत, बहुतेक सगळं स्क्रीनवरच्या कीबोर्डवर टोचावं लागतं, आणि मला तिथेच तो नको वाटला.

किंमत अमेरिकेत साधारण दीडशे डॉलरच्या आसपास असते. आपल्याकडे दुकानात सहसा दिसत नाही, पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारलं तर सायंटिफिकच पुढे करतात, त्यामुळे बाहेरून मागवा किंवा कोणी येणार असेल तर आणायला सांगा, कुरिअर आणि कस्टम धरून आकडा बराच फुगतो. म्हणून घेण्याआधी कॉम्प्युटरवर याचा फुकट व्हर्च्युअल कॅल्क्युलेटर आहे तो टाकून महिनाभर वापरून बघा. हुबेहूब तेच बटण, तेच मेन्यू. महिन्यानंतरही रोज उघडत असाल तर यंत्र घ्या, कारण खऱ्या बटणांची मजा त्यात येत नाही. सेकंडहँड मिळत असेल तर हेल्पमधल्या अबाउट पानावर हार्डवेअर आणि फर्मवेअरचं व्हर्जन बघून घ्या, जुनं २०१३ चं मॉडेल जीटूच्या भावात गळ्यात मारतात, आणि बॅटरी फुगलीये का ते मागचं झाकण काढून विकणाऱ्यासमोरच तपासा.