गुडघ्याचं मॉडेल : पेशंटसाठी उत्तम, विद्यार्थ्यांनी घेऊ नये

मिरजेत माझं छोटं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पेशंटला समजावायला म्हणून हे खऱ्या मापाचं प्लॅस्टिकचं गुडघ्याचं मॉडेल १,८५० रुपयांना ऑनलाइन मागवलं. चार महिने रोज हाताळतेय.

मला सगळ्यात आवडलं ते सोबतचं कार्ड. त्यावर लॅटिन नावांचे अर्थ दिलेत. टिबिया म्हणजे पावा. रोमन लोकांचा नडगीला आणि फुंकून वाजवायच्या वाद्याला एकच शब्द. आपणही त्या हाडाला नळी म्हणतोच की! फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचं बारीक हाड, त्याचा अर्थ वस्त्र अडकवायची पिन. मॉडेल घोट्यापर्यंत नसल्यामुळे तो आकार पुरता दिसत नाही, तो मी कागदावर काढून दाखवते. आणि पटेला म्हणजे पसरट छोटं भांडं.

गेल्या महिन्यात एक काकू एमआरआयचा रिपोर्ट घेऊन आल्या. 'कॉन्ड्रोमलेशिया पटेली' वाचून त्यांना रात्रभर झोप नव्हती. मी मॉडेलची वाटी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, "काकू, पटेला म्हणजे आपली गुडघ्याची वाटीच. लॅटिनमध्येही तिला भांड्याचंच नाव आहे. तिच्या मागच्या बाजूची कूर्चा मऊ पडलीय, एवढंच लिहिलंय." वाटीच्या मागून बोट फिरवत त्या म्हणाल्या, "मग असं सरळ सांगायला काय झालं होतं?" मला ते फार लागलं. तेव्हापासून रिपोर्टमधला प्रत्येक शब्द मी फोडून सांगते.

क्रूसिएट लिगामेंटचे, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे, पट्टे मात्र कच्चे आहेत. क्रूसिएट म्हणजे क्रॉससारखे. सांध्याच्या आत ते एकमेकांना फुलीसारखे छेदतात. यातला पुढचा पट्टा दीड महिन्यात निघाला, फेव्हिक्विकने चिकटवावा लागला.

मोठी चूक वाटीत आहे. खरी उजवी वाटी, टोक आपल्यापासून पलीकडे करून टेबलावर ठेवली की उजवीकडे कलते, कारण तिच्या मागचा बाहेरच्या बाजूचा उतार मोठा असतो. डावी-उजवी ओळखायला कॉलेजात आम्हाला हेच शिकवलं होतं. या मॉडेलवर 'उजवा' छापलंय, पण दोन्ही उतार सारखेच केलेत. वाटी कुठेच कलत नाही.