अपडेटनंतर पडणारं वायफाय आणि मी: सात महिन्यांचा अनुभव

लॅपटॉप घेतला तेव्हा काहीच तक्रार नव्हती. मग एका रात्री विंडोजचा तो मोठा अपडेट आला, 'अपडेट अँड शट डाऊन' दाबून झोपले आणि दुसऱ्या दिवसापासून वायफायची नाटकं सुरू.

आमचं घर चारकोपला, वन रूम किचन. हॉलमध्ये आईची मालिका नाहीतर मिक्सर, त्यामुळे ऑफिसचा कॉल आला की मी लॅपटॉप उचलून गॅलरीत. आणि नेमकं तिथेच नेट पडायचं. बॉस बोलता बोलता तोंड उघडं ठेवून थिजायचा, खाली वायफायच्या खुणेच्या जागी तो पृथ्वीचा गोळा यायचा आणि मी आपली हॅलो हॅलो करत बसायचे, मग वीसेक सेकंदात आपोआप परत जोडलं जायचं. सगळ्यांचं निदान एकच, रेंज. मलाही पटलं. नेटवाल्याशी दोनदा भांडले, बिचारा राउटरसुद्धा बदलून गेला, तरी तेच. त्याच गॅलरीत बाबांच्या फोनवर मॅच न अडकता चालायची हे तेव्हाच खटकायला हवं होतं, पण नाही ना.

या भांडाभांडीत मुख्य नुकसान हे झालं की जुन्या व्हर्जनवर परत जायची सोय साधारण 10 दिवसच असते, मी बघेपर्यंत मुदत संपलेली. ड्रायव्हरचं (वायफाय कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) जुन्यावर नेणारं 'रोल बॅक' बटणही पुसट, दाबताच येईना. मग वैतागून 'नेटवर्क रिसेट' मारलं. हे आधी करू नका प्लीज, सेव्ह केलेले सगळे पासवर्ड उडाले, ऑफिसचं व्हीपीएन परत टाकावं लागलं आणि आयटीवाल्याचं लेक्चर वेगळंच.

उलगडा झाला तो एक्स्टेंशन बोर्डामुळे. एकदा चार्जिंग संपत आलं म्हणून बोर्ड हॉलमधून गॅलरीपर्यंत ओढला, तासभर कॉल चालला, एकदाही पडला नाही. मुद्दाम पिन काढली, पाच मिनिटांत गोळा हजर. परत लावली, ठीक. म्हणजे रेंज-बिंज काही नाही, लॅपटॉप बॅटरीवर असला की वीज वाचवायला वायफाय कार्डालाच डुलकी लागत होती!

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्स, तिथे वायफाय कार्डावर डबल क्लिक, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करू द्यायची जी टिक असते ती काढली (काही लॅपटॉपवर हा टॅबच दिसत नाही). पॉवर ऑप्शन्समध्ये वायरलेस अडॅप्टर बॅटरीवरही 'मॅक्झिमम परफॉर्मन्स'ला ठेवला. शिवाय कंपनीच्या साइटवरून माझ्याच मॉडेलचा आधीचा ड्रायव्हर टाकला. बॅटरी थोडी लवकर उतरते, चालतंय.

नव्वद टक्के काम तिथेच झालं. उरलेला त्रास बिल्डिंगचा. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल (म्हणजे लेन) तीनच, 1, 6 आणि 11, आणि आमच्या मजल्यावर घराघरात राउटर, वर माझे ब्लूटूथ इयरबड्सही त्याच पट्ट्यात. म्हणून राउटरच्या दुसऱ्या, 5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला वेगळं नाव देऊन लॅपटॉप त्यावर टाकला. भिंत आड आली की तो सिग्नल दमतो, गॅलरीचं दार उघडं ठेवावं लागतं आणि मग आईची मालिका बॉसलाही ऐकू जाते, ते जाऊ दे.

मागच्या महिन्यात अजून एक अपडेट आला आणि ती टिक गुपचूप परत आली होती, यावेळी दोन मिनिटांत काढली. नेटवाल्याला सॉरी म्हणायचं मात्र राहिलंय, तो हल्ली आमचा फोन पटकन उचलत नाही.